पहिल्या टेबलाचा वारा

अनिल विशे वाऱ्याचे रस्ते बनवायचा. पत्र्याचे, चौकोनी, माणसांच्या डोक्यावरून जाणारे. आटगावात स्टेशनापासून जरा आत साईनाथचं वर्कशॉप होतं. तिथं सहा वर्षं झाली, तो मिस्त्री होता. कुणी नवख्यानं विचारलं, "मिस्त्री, डक्ट म्हंजे काय हो?" की तो पत्र्यावरचा खडू न थांबवता म्हणायचा, "वाऱ्याचा पाट." एवढंच. पुढं कुणी काही विचारलं नाही तर दिवसभर गप्प. विचारलं तरी बहुतेक गप्पच.

बोलणं त्याला मापांतच जमायचं. चाळीस बाय चोवीस. बावीस गेज. इंचाची घडी. साईनाथ वयानं लहान, पण मालक, तो म्हणायचा, "अनिलदादा, तुमच्या तोंडात जीभ नाय, टेप हाय. ओढली तेवढी बाहेर, सोडली का सटकन आत." सगळे हसायचे. अनिलही हसायचा. त्याचं हसू म्हणजे नव्या पत्र्यावरची चमक. कुणी नीट बघेपर्यंत ती दुसरीकडे सरकलेली असायची.

भातसानगरच्या रस्त्याला त्याची एक खोली होती. त्याचा बाप तिथल्याच कालव्यावर पाटकरी होता. कुणाच्या शेताला किती पाणी, कुठली मोरी कधी उघडायची, कधी मिटायची, हे बापाचं काम. लहानपणी अनिल त्याच्या मागून बांधाबांधानं चालायचा. कालव्याच्या माथ्याकडचे शेतकरी गुपचूप मोऱ्या फिरवून पाणी ओढून घ्यायचे आणि शेपटाकडच्या खाचरांत ओलसुद्धा पोचायची नाही. त्याची आई जात्यावर बसली की म्हणायची,

पाट भरून चालला, माथ्याकडचे न्हाले,
शेवटल्या खाचरात, बगळे उपाशी गेले.

त्यांचं स्वतःचं खाचर शेवटलंच होतं. पाटकऱ्याचं शेत कोरडं, ही गावाची थट्टा. पण बाप हसून म्हणायचा, "मी माज्याच खाचराला आधी पाणी घेतलं, तर मंग मी कसला पाटकरी?" ते ऐकत अनिल वाढला. जगात जो शेवटी बसतो त्याला काही पोचत नाही, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

आता आई नव्हती, बाप नव्हता. बायको होती आणि नव्हती. नऊ वर्षांपूर्वी अनिल भरूचला एका मोठ्या कारखान्याच्या साइटवर होता. इकडं अकरा वर्षांची मनस्वी, त्याची एकुलती पोर, तापानं फणफणून मुरबाडला दवाखान्यात पडली. बायकोचा फोन आला तेव्हा तो शिडीवर होता. "शेवटचा माळा चाललाय, दोन दिवसांत येतो," म्हणाला. पोर कशी आहे, हे विचारायचं राहिलं. दोनाचे अकरा दिवस झाले. तो आला तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि मायलेकी मुरबाडला बायकोच्या माहेरी. तो गेला तिकडं एकदा. अंगणातल्या चिंचेखाली बसला. सासऱ्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तोही अवाक्षर न बोलता. तासभर दाराचा पडदा हलला नाही. अनिल उठला आणि आला. पुन्हा गेला नाही. आपल्याला कुणी बोलावलं नाही, असं त्याच्या मनानं धरलं; आपणही हाक मारली नव्हती, हे धरायचं राहिलं.

त्याच्या फोनवर तीनच नावं वरखाली व्हायची. साईनाथ. पत्रावाला. टेम्पो. रविवारी तर सकाळपासून त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी दुकानात जाऊन तो म्हणायचा, "अर्धा लिटर दूध," आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला साईनाथ म्हणाला, "दादा, मुरबाडकडचं काम आलंय. सरळगावच्या अलीकडं जुनी भातगिरणी होती ना, तिच्या शेडमधी बायकांचा शिवणाचा हॉल होतोय. चोवीस मशिनी. वर पत्रा, आत भट्टी. पाण्याचा गारवा देणारा मोठा पंखा बाहेर लावायचा आणि डक्टनं वारा आत घ्यायचा. काम लहान हाय, इंजिनेर येनार नाय. तुमीच आखा."

अनिलनं आजवर इंजिनिअरच्या नकाशांवरून पत्रा कापला होता. आखणी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या एकट्याच्या डोक्यातून कधी निघाली नव्हती. त्याला आत कुठंतरी बरं वाटलं. तो 'बरं' एवढंच म्हणाला.

शेड रिकामीच होती. मशिनी अजून जुन्या जागेतून यायच्या होत्या. हॉल चालवणाऱ्या गीताबाई, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दारातच उभ्या राहिल्या. "घ्या मापं. माज्या पोरी गेल्या उन्हाळ्यात इथं असत्या तर वाळवनाच्या पापडासारख्या झाल्या असत्या. वारा सगळ्यांला लागला पायजे बघा, एकीला जास्त एकीला कमी नको. नायतर माजं डोकं खातील."

साठ फूट लांब, पंचवीस रुंद. पंखा एका टोकाच्या भिंतीबाहेर. अनिल टेप धरून चालत होता, आणि दाराजवळ भिंतीला चिकटवलेल्या कागदापाशी त्याचा हात थांबला. कामाला येणाऱ्या मुलींची यादी होती. चोवीस नावं. अगदी शेवटचं, चोविसावं, 'मनस्वी अनिल विशे'.

तिच्या नावाच्या मधोमध तो उभा होता. नऊ वर्षं कुणी त्याला तिथून हलवलं नव्हतं.

टेप सुटून सटकन आत गेली. गीताबाई म्हणाल्या, "काय झालं?"

"काय नाय," अनिल म्हणाला. "लांबी साठच हाय."

एक प्रश्न होता. 'ही कुठं बसणार?' तीन शब्द. ते त्याच्या टाळूला चिकटून राहिले. यादीत शेवटची म्हणजे सगळ्यांत नवी. नवी म्हणजे शेवटच्या टेबलाला. हे काय विचारायचं असतं? तो शेपटाकडच्या भिंतीपाशी गेला, बराच वेळ वर बघत उभा राहिला आणि मनात म्हणाला, इथं.

वर्कशॉपात त्यानं फरशीवर खडूनं अख्खा हॉल आखला. मधोमध मुख्य डक्ट, दोन्ही अंगांना चार-चार फाटे, आणि प्रत्येक फाट्याखाली तीन टेबलं. इंजिनिअरांच्या नकाशात मुख्य डक्ट पंख्यापासून निघाला की फाट्यागणिक बारीक होत जायचा. अनिलला वाटायचं, पत्रा वाचवायची कंपन्यांची खोड आहे ती. शेपटाकडच्यांना गाळ. त्यानं आपला डक्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच रुंदीचा ठेवला, चाळीस बाय चोवीस. पंख्याजवळचे फाटे लहान काढले आणि शेवटचे चांगले मोठे. माथ्याकडच्यांना काय, पाट दारातूनच जातो. पाहिजे तेवढं ते घेतातच.

नकाशात प्रत्येक फाट्यात डॅम्पर असायचा, डक्टच्या पोटातली पत्र्याची झडप. बाहेरची दांडी फिरवली की वारा कमीजास्त होतो. अनिलनं एकही ठेवला नाही. झडप म्हणजे मोरी. बापानं दिवसा लावलेल्या मोऱ्या कोण कधी फिरवायचं, त्याला ठाऊक होतं.

चांगो खडूच्या रेषांवरून पाय उचलत-उचलत फिरला. चांगो वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यातला, डोंगरातला माणूस. अनिलच्याच वयाचा, आठवडाभर वर्कशॉपातच मुक्कामाला. पत्रा वाकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"मिस्त्री, येक बोलू?"

"बोल."

"ह्ये फाटे सरळ काटकोनात काढलेस. वारा वळंल का?"

"का नाय वळणार? पाटाला भोक पाडलं का पाणी वळतंच."

"पानी वळतं. त्ये आळशी हाय, खाली दिसंल तिकडं लवंडतं." चांगोनं डोकं खाजवलं. "पर आमचे डोंगराव घाटातून वारा सुटतो ना, तो पयले घराला शिवतबी नाय. माजा चुलता ऱ्हातो तोंडाशी, त्याचे दारातला दिवा हलत नाय. आनि पार शेवटी कड्याखाली दोन घरा हायेत, त्यांची कवला उडतात."

"तो डोंगर हाय, हा पत्रा हाय."

"वारा त्योच ना पर?"

"चांगो, तू वाकव."

"वाकवतो. माजे बाचा काय जातंय," चांगो म्हणाला, आणि वाकवायला गेला.

टेम्पोत डक्टचे तुकडे रचून ते किन्हवलीच्या रस्त्यानं गेले. पळस झडून गेले होते, रस्त्याकडेला काजऱ्याच्या झाडांच्या सावलीत गुरं उभी होती, रिकाम्या डक्टमधून टेम्पोभर घूं घूं वाजत होतं. तीन दिवसांत काम बसलं. शेवटचा फाटा अनिलनं कुणाला लावू दिला नाही. सांधे बुजवायचा मसाला त्यानं स्वतःच्या बोटानं भरला, पोराच्या डोळ्यात काजळ घालावं तसा, कडेनं, हलक्या हातानं. पंखा चालू केला. शेवटच्या जाळीखाली उभं राहिल्यावर त्याच्या शर्टाची कॉलर फडफडली.

"झक्कास!" साईनाथ म्हणाला. पहिल्या जाळीखाली कुणी उभं राहिलंच नाही.

पंधरा दिवस गेले. ते पंधरा दिवस अनिलला खोली जरा बरी वाटली. दुपारी जेवणाचा डबा उघडताना तो घड्याळ बघायचा: आता तिथं मशिनी चालू असतील, शेवटच्या टेबलावर गार झुळूक असेल. बापाला जमलं नव्हतं ते आपल्याला जमलं, असं काहीतरी त्याच्या मनात येई. तिला कळणार नव्हतं. न कळता द्यायचं, हेच त्याला सोपं होतं.

मग साईनाथ फोन कानाला लावून बाहेर आला. त्याचं तोंड उतरलेलं. "दादा, गीताबाई हायेत. ऐका जरा."

फोन स्पीकरवर होता. "मिस्त्री, अवो काय करून ठेवलंय तुमी? तिकडं म्हाबळेश्वर, हिकडं वैशाखवनवा! शेवटच्या टेबलांवरची कापडं उडून छपराला चिकटायची बाकी हायेत, आनि पयल्या टेबलांला घामाच्या धारा. जागेवरून पोरी भांडतात माज्या. काल एकीला तर घेरी आली. पयल्या टेबलाची पोरगी माजी, अंगावर पानी शिंपडून उभी केली."

"येतो," अनिल म्हणाला. फोन ठेवल्यावर तो खडूचा तुकडा हातात घोळवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आणि चांगो हॉलमध्ये शिरले तेव्हा मशिनी धडधडत होत्या. अनिलची नजर थेट शेपटाकडं गेली. शेवटच्या टेबलावर लहानी नावाची एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई बसली होती. तिनं शिवायच्या कापडांवर नदीतले गोटे ठेवले होते. "या या मिस्त्री!" ती ओरडली. "माजा पदर टिकना झालाय. नवरा म्हनतो, गो, तू कामाला जातेस का समुद्रावर?"

हॉलभर हसणं उसळलं. अनिल एकेका चेहऱ्यावरून मागं येत गेला. तेवीस. बावीस. अठरा. बारा. ती कुठंच नव्हती. आज आली नसेल, असं वाटलं, आणि त्याच वेळी कानाजवळ कात्रीचा आवाज आला.

पंख्याजवळचं पहिलं टेबल बाकीच्यांपेक्षा लांब होतं. कापड कापायचं टेबल. त्याच्यापाशी उभी राहून एक पोरगी कागदाच्या नमुन्याभोवती खडूची रेघ ओढत होती. कपाळावरचे केस ओले होऊन चिकटलेले, पाठीवरचा कुर्ता भिजून गडद. डोक्यावर त्याचा तो लहान फाटा, बारा बाय दहा, आणि त्याच्या जाळीत अडकलेलं कोळ्याचं जाळं. ते हलत नव्हतं.

"हीच ती," गीताबाई म्हणाल्या. "सगळ्यांत नवी, पर हाताला माप बसलंय तिच्या. म्हनून कटिंगला घेतली. रेघ मारली का दुसऱ्यांदा मोजायला नको."

पोरीनं वर बघितलं. एकदा. मग तिनं रेघ पुरी केली, कोपरा वळवला, खडू ठेवला आणि गीताबाईंकडं तोंड करून म्हणाली, "बाई, मिस्त्रींना सांगा, इथं वारा नाय. नुसता आवाज येतो."

अनिल तिथंच होता, दोन हातांवर.

"सांगते," गीताबाई म्हणाल्या. "ऐकलंत ना मिस्त्री?"

त्यानं मान हलवली. घेरी येऊन पडलेल्या पोरीच्या अंगावर शिंपडलेलं पाणी त्याच्या डोळ्यांपुढं आलं. भरूचची शिडी आली. तो शिडी लावून वर चढला, कारण वर चढणं त्याला येत होतं. पहिल्या फाट्याच्या तोंडाशी त्यानं डक्टला एक भोक पाडलं आणि काडीला बांधलेला दोरा आत सोडला. दोरा फाट्याकडं वळलाच नाही. तो मुख्य डक्टच्या दिशेनं ताठ आडवा झाला, थरथरत, सगळा जीव पुढं लावून. शेवटच्या फाट्यापाशी तोच दोरा गर्रकन वळून जाळीतून बाहेर आला.

पाणी नव्हतं हे. पंख्यातून सुटलेला वारा जोरात होता, आणि जोरात असलेला वारा दारातल्या माणसाला ओळखत नाही. तो पार शेवटी जाऊन बंद भिंतीवर आपटतो, थांबतो, आणि मग तिथं असेल त्याच्यावर सगळा रिता होतो. नकाशांतले डक्ट पत्रा वाचवायला बारीक होत नव्हते. वारा फाट्याफाट्याला उतरावा आणि पुढच्याचा वेग हातात राहावा म्हणून होते. फाट्याच्या तोंडाला तिरपा पत्रा असतो, मिस्त्री लोक त्याला शू म्हणतात, तो वाऱ्याचा हात धरून वळवायला. आणि झडपा असतात, कारण खाली कोण बसलंय ते आखणाऱ्याला वरून कळत नाही.

परतताना टेम्पोत 'सांगितलं होतं ना' असं चांगो म्हणाला नाही. किन्हवली गेल्यावर म्हणाला, "मिस्त्री, ती पयले टेबलाची पोर, खडू तुज्यासारका धरते. दोन बोटांत नाय, तीन बोटांत."

अनिल बाहेर बघत राहिला.

"कोन हाय?"

"कोन नाय."

दोन वळणं गेली. मागं शिडी खडखडत होती.

"माजी पोर हाय," अनिल म्हणाला.

चांगोनं बिडी काढली, पेटवली नाही, पुन्हा ठेवली. "मंग तिला इचारलास का नाय, बाय कशी हायेस?"

"काय तोंडानं विचारू?"

"तोंडानंच इचारतात रे," चांगो म्हणाला. "दुसऱ्या कशानं इचारतात, तुमचे आटगावात?"

चार दिवस वर्कशॉपात पत्रा कापला गेला. अनिलनं फरशीवरची जुनी आखणी ओल्या फडक्यानं पुसली आणि नवी काढली. आता मुख्य डक्ट तीन ठिकाणी आखडत होता: चाळीस, बत्तीस, चोवीस, सोळा. आठही फाटे सारखे, सोळा बाय बारा, प्रत्येकाच्या तोंडाला शू, प्रत्येकाच्या गळ्यात झडप. साईनाथ बाजूला उभा राहून बघत होता. त्याला वाटलं दादाला काहीतरी बोलून धीर द्यावा, मग म्हणाला, "चहा सांगतो." चहा आल्यावर अनिलनं आपणहून म्हटलं, "साईनाथ, चूक माजी हाय. चांगोनं सांगितलं होतं. मी विचारलं नाय कुणाला." साईनाथला इतकी मोठी वाक्यं ऐकायची सवय नव्हती, त्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

गीताबाईंनी पोरींना एक दिवस सुट्टी दिली. त्या दिवशी सकाळपासून जुने तुकडे उतरले, नवे चढले. आखडत जाणारा डक्ट खालून कसा दिसतो, ते अनिलनं भिंतीला टेकून बघितलं. पण काम इथं संपत नव्हतं. रिकाम्या हॉलमध्ये झडपा लावता येत नाहीत. खाली माणसं पाहिजेत, घाम पाहिजे, कापड पाहिजे. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या जागेवर बसल्यावर तो पुन्हा आला.

पंखा सुरू झाला. अनिल शेपटाकडून निघाला. लहानीच्या डोक्यावरची झडप त्यानं अर्धी मिटली.

"अगो बाय, माजा समुद्र आटला!" लहानी ओरडली.

"पुरे का?" अनिलनं विचारलं.

सगळ्या क्षणभर थांबल्या, कारण मिस्त्री बोलू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. "पुरे की," लहानी म्हणाली. "गोटे तरी घरी नेता येतील." चांगोनं शिडी पुढं सरकवली. मग पुढची, मग पुढची. प्रत्येकीला त्यानं विचारलं, पुरे का, कमी करू का. एकीनं सर्दीची तक्रार केली, एकीनं नुसतीच मान डोलावली, एक म्हणाली वारा बरा हाय पर मिस्त्री, पगार वाढवायची झडप कुठंय. असं करत शिडी पहिल्या टेबलाजवळ आली आणि चांगोला अचानक बाहेर टेम्पोत काहीतरी विसरल्याचं आठवलं.

अनिल वर चढला. खाली मनस्वी. टेबलावर पसरलेलं निळं कापड आणि त्यावर नमुन्याचे खाकी कागद. त्यानं दांडीला हात लावला.

"वारा लागतो का?"

कात्री थांबली. "कुनाला?"

"तुला."

तिनं कपाळावरची बट मागं सारली, जणू खरोखरच तपासत होती. "थोडा."

त्यानं दांडी फिरवली. "आता?"

"आता बरा हाय. अजून."

त्यानं अजून फिरवली, हात जरा जास्तच गेला, आणि टेबलावरचे कागद एकदम उठले. मनस्वीनं दोन्ही पंजे त्यांच्यावर आपटले. "बास, बास! जास्त झाला! कटिंगचे कागद हायेत, उडले तर सगळं चुकंल."

"कमी करतो." त्यानं मागं घेतली. "आता?"

"अजून कमी."

"एवढा?"

"थांबा."

तो थांबला. चिंचेखाली तासाभरात उठलेला माणूस शिडीच्या पाचव्या पायरीवर एक हात वर धरून थांबला, आणि खाली एक पोरगी नमुन्याच्या कागदाची कड बोटानं उचलून, सोडून, पुन्हा उचलून बघत राहिली. मागं तेवीस मशिनी धडधडत होत्या. कागदाची कड थरथरायची आणि बसायची.

"एक सूत कमी," ती म्हणाली.

एक सूत. हे माप त्याला कळत होतं. दोन बोटांत दांडी धरून त्यानं ती तेवढीच हलवली.

"बास. असंच ठेवा."

त्यानं पान्यानं नट आवळला. आवळून झाल्यावरही तो खाली उतरला नाही. ती खडू उचलून रेघ ओढायला लागली होती, ओढता ओढता, वर न बघता म्हणाली, "आय विचारत होती, हॉलमधला मिस्त्री कोन हाय म्हनून."

"मग? काय सांगितलंस?"

"आटगावचे हायेत म्हटलं."

"बरोबर हाय," अनिल म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "घेरी आली ती तुलाच ना?"

"हं."

"आता कशी हायेस?"

खडू कोपऱ्याशी येऊन थांबला. तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग होता, आणि राग असला म्हणजे निदान समोर माणूस आहे हे धरलेलं असतं. "आता बरी हाय," ती म्हणाली. "बरी व्हऊन चार-सा दिवस झाले."

"उशीर झाला मला."

तो शिडीवरून उतरला, एकेक पायरी, आणि जमिनीवर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती आता त्याच्या खांद्याच्या वर येते. तिच्या मानेवरचे केस वाऱ्यानं सुकत चालले होते.

"पाऊस लागला का हे पुन्हा बघावं लागतं," तो म्हणाला. "हवा जड होते. झडपा बदलाव्या लागतात." हे खरं होतं. ते अर्धंच खरं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. "मी येऊ का?"

मनस्वीनं कापड सारखं केलं, कागद उचलला, दुसरा ठेवला आणि त्याच्या चारी कडांवरून तळवा फिरवला.

"शुक्रवार सोडून या," ती म्हणाली. "शुक्रवारी मी नसते."

मग तिनं कात्री घेतली आणि पुढच्या कापडाला लागली.